मासळीच्या टेम्पोचं छप्पर फायबरचं करताना: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

मिरकरवाडा बंदरातली मासळी आंबा घाटाने आणि मालवणची करूळ घाटाने कोल्हापूरकडे चढते. टेम्पोत मासळी असते, बर्फ असतो आणि तिसरं ओझं असतं खुद्द पत्र्याच्या बंद बॉडीचं. या तिसऱ्या ओझ्याचं भाडं कोणी देत नाही. वर ते वाढतही जातं. आतून बर्फाचं खारट पाणी आणि बाहेरून खारी हवा लागून पत्रा कुजतो, आणि मालक कुजक्या पत्र्यावरच दुसरा पत्रा मारून घेतो.

काचेच्या धाग्यांनी बळकट केलेलं प्लास्टिक, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘फायबर’ म्हणतो ते, या दोन्ही दुखण्यांवर चालतं. ते गंजत नाही आणि पत्र्याच्या मानाने हलकं पडतं. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर आहेत, त्यामुळे कोकणात हे काम शिकायला फार लांब जावं लागत नाही. मात्र एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. फायबर आपोआप हलकं होत नाही, ते करावं लागतं. म्हणून या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं अवजार मी वजनकाटा मानतो. काटा नसेल तर बाकीचं सामान घेऊ नका.

शिकण्यासाठी मी टेम्पोच्या बंद बॉडीचं छप्पर निवडलं आहे, २ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद, म्हणजे ३ चौरस मीटर. छपरावर गाडीचा भार येत नाही, आकार सोपा असतो, आणि गाडीच्या डोक्यावरचं वजन उतरलं की घाटातल्या वळणावर गाडी कमी झुकते.

हे नेमकं काय आहे

स्लॅबमध्ये सळई जे काम करते ते इथे काच करते. ओढ सोसतो तो काचेचा धागा. त्याला जागेवर धरून ठेवणं आणि एका धाग्याचा भार दुसऱ्याकडे पोहोचवणं हे रेझिनचं, म्हणजे गोठून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचं काम. मॅटमध्ये हे धागे तुकड्यांच्या रूपात सगळ्या दिशांना पसरलेले असतात, तर रोव्हिंगमध्ये ते जाड कापडासारखे विणलेले असतात. भारतात हा काचधागा बनवणारे मोठे कारखाने कोकणपट्टीतच उभे राहिले, एक तळोज्याला आणि दुसरा गोव्यातल्या कोलवाळला.

गाड्यांसाठी हा प्रकार नवा नाही. १९५३ साली आलेल्या शेवरले कॉर्व्हेटची बॉडी फायबरची होती. आपल्याकडे बंगळूरच्या सिपानीने १९८२ च्या सुमारास डॉल्फिन नावाची फायबर बॉडीची छोटी मोटार काढली. आज तुमच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या कडेची काळी टाकी बहुधा काचधागा मिसळलेल्या नायलॉनची निघेल. फरक एवढाच की कारखान्यात ते यंत्राने आणि दाबाखाली होतं. आपण हाताने थर मारणार आहोत, म्हणून वजन राखायचं काम आपल्या हातावर आणि काट्यावर येतं.

पहिली पायरी: कागदावर वजन मांडा

पोलादाची घनता ७.८५. हाताने मारलेल्या, वजनाने ३० टक्के काच असलेल्या फायबरची साधारण १.४५. म्हणजे फायबर पाचपट हलकं, असं वाटतं. पण तेवढ्याच जाडीचा फायबरचा तक्ता पत्र्यापेक्षा खूप जास्त लवतो. मॅटच्या फायबरचा ताठपणा ७ गिगापास्कलच्या आसपास असतो, पोलादाचा २००. तक्त्याचा वाकण्याला होणारा विरोध मात्र जाडीच्या घनाने वाढतो, आणि तिथे आपलं काम जमतं. १ मिमी पत्र्याइतका ताठ तक्ता हवा असेल तर फायबर साधारण ३ मिमी जाड लागतं.

आता दर चौरस मीटरचा हिशोब करू. १ मिमी पत्रा ७.८५ किलो. फायबरसाठी बाहेरचा जेल कोट, म्हणजे मॅटशिवाय मारलेला रंगीत रेझिनचा थर, ६०० ग्रॅम, मग ३०० ग्रॅमची एक मॅट आणि ४५० ग्रॅमच्या दोन मॅट, म्हणजे काच १,२०० ग्रॅम. काच ३० टक्के राखायची तर रेझिन २,८०० ग्रॅम. एकूण ४.६ किलो. पत्र्यापेक्षा ४० टक्क्यांनी कमी.

हाच तक्ता घाईत, काटा न वापरता मारला आणि काच २० टक्क्यांवर आली, तर तेवढ्याच मॅटवर ४,८०० ग्रॅम रेझिन बसतं आणि वजन ६.६ किलो होतं. पत्र्याशी फरक उरतो सव्वा किलोचा. एवढं करून जास्तीचं रेझिन जोरही देत नाही. रेझिनची जाडी जिथे साचते तिथेच गाडी खड्ड्यात आदळली की तडा जातो. नवशिक्याच्या हातून हमखास घडतं ते हेच. मॅट पांढरी दिसली की आणखी एक मग ओतला जातो.

आपल्या ३ चौरस मीटर छपराला तक्ता १३.८ किलो पडेल, आणि आतून ताठपणासाठी चार आडव्या फासळ्या सुमारे ३.६ किलो. मिळून साडेसतरा किलोच्या आत. पत्र्याचं छप्पर साडेतेवीस किलो, आणि खाली २५ बाय २५ बाय ३ चा अँगल चार ठिकाणी लावला तर ६.६ किलो वर. म्हणजे एका छपरात बारा-तेरा किलो वाचतात.

आकडा छोटा वाटेल, आणि एकट्या छपराने डिझेल वाचेल असं मी सांगणार नाही. प्रवासी गाड्यांसाठी ठोकताळा असा आहे की गाडीचं वजन १० टक्क्यांनी उतरलं तर इंधन ६ ते ८ टक्के वाचतं. १२ किलो त्याच्या जवळपासही नाहीत. पण छपरावर हात बसला की बाजू, दारं आणि आतला पत्रा यांचाही विचार करता येतो, आणि मग फरक पन्नास-साठ किलोंच्या पुढे जातो. मालाने भरलेल्या गाडीला तो फरक वाहतुकीत मिळतो आणि रिकाम्या परतीच्या फेरीला डिझेलमध्ये.

दुसरी पायरी: काय बदलायचं नाही ते ठरवा

चासी, केबिन, बंपरच्या मागची पट्टी, सीट आणि बेल्टचे जोड, स्प्रिंग, चाकाजवळचा भार घेणारा कोणताही भाग यांना हात लावायचा नाही. पोलाद आधी वाकतं, मग तुटतं, आणि वाकताना धक्का पोटात घेतं. हाताने मारलेलं फायबर वाकून राहत नाही, ते तडकतं. १९८१ च्या कॉर्व्हेटला मागे काचधाग्याची पानस्प्रिंग बसवली होती. पोलादी स्प्रिंग १८.६ किलोची, ही ३.६ किलोची. हे वाचून हात शिवशिवतात, ते मला समजतं. पण तिथे सगळे धागे एकाच दिशेने, इपॉक्सी रेझिनमध्ये, कारखान्यात मोजूनमापून बसवलेले होते. मॅट आणि ब्रशने ते होत नाही.

छपराचंही एक पथ्य आहे. ताडपत्री बांधायला क्लीनर वर चढतो, कोणी रिकामे क्रेट वर टाकतो. ३ मिमीचा तक्ता त्यासाठी नाही. वर चढायचंच असेल तर चौकटीला वेगळी शिडी आणि लोखंडी कॅरियर हवा, आणि मग त्याचं वजनही हिशोबात धरायला हवं.

काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन या. रत्नागिरीचा ०८ असो, सिंधुदुर्गाचा ०७ असो की रायगडचा ०६, नियम एकच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. मोकळ्या गाडीचं वजन आणि बॉडीचा प्रकार हे त्या पुस्तकातलेच तपशील. फुटलेल्या पत्र्याच्या जागी त्याच मापाचा तक्ता बसवणं आणि आख्खी बॉडी बदलणं यांत फरक आहे, तेव्हा तुमचं काम कशात मोडतं हे आधी विचारून घ्या, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. वाचलेल्या किलोंच्या जागी माल भरायचा तर नवं वजन पुस्तकात चढलेलं असावं लागतं.

तिसरी पायरी: हंगाम ओळखा

कोकणातल्या माणसाला ही पायरी सर्वात जास्त लागू आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. टेम्पो दारात उभा राहतो आणि मालकाला बॉडीचं काम आठवतं. पण याच दोन महिन्यांत हवेत पाणी तरंगत असतं. काचेची मॅट ओल धरते, ओल्या मॅटवर रेझिन नीट बसत नाही, थर दुधाळ दिसतो आणि पुढे सुटतो. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर थर मारू नका. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ स्वस्तात मिळतं, ते शेडमध्ये टांगा.

म्हणून मापं फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या, तक्ते मार्च ते मेच्या मध्यापर्यंत साच्यावर मारून ठेवा आणि जून-जुलैत गाडी मोकळी झाली की फक्त बसवा. बसवायला पाऊस आड येत नाही, वर आडोसा असला म्हणजे झालं. हिवाळ्यात काम केलंत तर पहाटेच्या दवाकडे लक्ष ठेवा. साच्यावर हात फिरवून तो कोरडा लागल्यावरच सुरुवात करा, त्याला नऊ-दहा वाजतात.

एप्रिल-मेच्या दुपारी अडचण उलटी असते. साचा उन्हात तापला तर रेझिन हातातच गोठतं. साचा सावलीत ठेवा आणि काम सकाळी उरका.

चौथी पायरी: सामान आणि साठवण

पॉलिस्टर रेझिन दोन तऱ्हेचं भेटेल. साधं ऑर्थो स्वस्त असतं. आयसो थोडं महाग, पण खाऱ्या पाण्याला आणि सततच्या धुण्याला जास्त टिकतं. मासळीच्या गाडीचा जेल कोट आणि आतला थर आयसोचाच घ्या, मधल्या थरांना ऑर्थो चालेल. जेल कोट पांढरा आणि उन्हाला टिकणारा मागा. गडद रंग तापतो आणि आतला बर्फ वितळवतो.

मॅट ३०० आणि ४५० ग्रॅमची घ्या. गुंडाळी प्लास्टिकमध्ये बंद करून फळीवर उभी ठेवा, चिऱ्याच्या किंवा कोब्याच्या जमिनीवर टेकवू नका. हार्डनर, म्हणजे रेझिन गोठवणारा द्रव, लागेल. अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे हार्डनरचं काम जलद करणारं जांभळं कोबाल्ट, काही रेझिनमध्ये आधीच घातलेलं येतं, ते दुकानात विचारून डब्यावर लिहून ठेवा. शिवाय साच्याचं मेण, पीव्हीए (तक्ता साच्याला चिकटू न देणारं पातळ द्रावण), ब्रश, खाचांचा लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा रोलर, अ‍ॅसिटोन, आणि दोन काटे: एक १० किलोपर्यंतचा आणि एक ग्रॅम दाखवणारा छोटा.

पाचवी पायरी: जिवाची काळजी

हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत कधीही थेट मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये टाकून पूर्ण ढवळायचं आणि मग वेगळ्या मापाने हार्डनर. दोन्हींच्या बाटल्या वेगवेगळ्या फळीवर ठेवा, माप आणि काडीही वेगळी ठेवा.

हार्डनरचा एक थेंब डोळ्याला कायमची इजा करू शकतो. चष्मा न घालता बाटली उघडायची नाही. थेंब गेलाच तर लगेच स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि तसंच डॉक्टरकडे जायचं.

रेझिनला जो उग्र वास असतो तो स्टायरीनचा. त्याची वाफ ३१ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते, आणि मे महिन्यात आपल्या शेडमध्ये त्याहून जास्त तापमान असतं. शेडमध्ये विडी नको, गॅस नको, वेल्डिंग नको, ठिणगी पाडणारा ग्राइंडरही नको. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचा कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. शेड दोन्ही बाजूंनी उघडी ठेवा. मगमध्ये उरलेलं रेझिन गोठताना तापतं आणि धूर सोडतं, तेव्हा ते ढीग करून ठेवू नका, पत्र्याच्या तसराळ्यात पातळ पसरून मोकळ्यावर ठेवा.

सहावी पायरी: साचा

तक्त्याचा बाहेरचा चेहरा म्हणजे साच्याचा चेहरा. १९ मिमी प्लायच्या फासळ्यांवर सनमायका चढवून साचा करा. छप्पर अगदी सपाट ठेवू नका. मध्ये २० ते २५ मिमी उचल दिलीत तर पावसाचं पाणी निथळतं आणि तेवढ्याच वजनात तक्ता जास्त ताठ होतो. कडांना खाली ४० मिमीचा काठ द्या आणि तो किंचित बाहेर फाकवा, नाहीतर तक्ता साच्यातून सुटणार नाही. कोपरे गोल करा. टोकदार कोपऱ्यात मॅट बसत नाही, खाली हवा राहते.

साच्याला मेणाचे चार-पाच हात द्या, प्रत्येक हात सुकवून घासून. वर पीव्हीएचा पातळ हात. ही कंटाळवाणी अर्धी सकाळ वाचवायला गेलात तर तक्ता साच्याला धरतो आणि दोन्ही फुकट जातात.

सातवी पायरी: थर मारणं

आदल्या दिवशी मॅट कापून प्रत्येक थराचं वजन करा. आपल्या छपराला ३०० ची मॅट ०.९ किलो भरेल, ४५० ची प्रत्येकी १.३५ किलो. त्या वजनाला २.३३ ने गुणलं की त्या थराचं रेझिन येतं: पहिल्या थराला २.१ किलो, पुढच्या दोघांना ३.१५ किलो. कडेची मॅट आणि ब्रशला चिकटणारं रेझिन धरून थोडं वर ठेवा. हे आकडे भिंतीवर खडूने लिहा. त्या थराला तेवढंच रेझिन भरून घ्यायचं आणि संपलं की संपलं.

त्याच सकाळी चाचणीचा मग करा. १०० ग्रॅम रेझिनला दीड ग्रॅम हार्डनर घालून घड्याळ लावा. २५ ते ३० मिनिटांत गोठायला लागलं तर ठीक. लवकर गोठलं तर हार्डनर कमी करा, पण १ टक्क्याच्या खाली जाऊ नका आणि २ च्या वर चढू नका. १ च्या खाली रेझिन कधीच पूर्ण पिकत नाही. वरून कडक लागतं, आत कच्चं राहतं, आणि तसला तक्ता मासळीला वास लावतो.

जेल कोट दोन हातांत, मिळून साधारण अर्धा मिमी. फार पातळ राहिला तर पुढच्या रेझिनने सुरकुततो, फार जाड झाला तर तडकतो. बोट टेकवून बघा. चिकट लागलं पाहिजे पण बोटाला रंग येता कामा नये. तेव्हाच पहिला थर.

आता हाताची खरी गोष्ट. आधी जेल कोटवर रेझिनचा हलका हात फिरवा आणि मग मॅट टाका. रेझिन खालून वर शोषलं जाऊ द्या, वरून ओतत बसू नका. मॅटमधला बंध विरघळायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर ती पांढरी दिसणारच. त्या वेळात हात आवरता येणं हीच या कामातली कसोटी आहे. मग ब्रश टेकवत टेकवत मॅट दाबा. ब्रश ओढू नका, ओढला की धागे सरकतात आणि एका जागी विरळ होतात. त्यानंतर रोलर, मधून कडेकडे, सावकाश. रोलर हवा बाहेर काढतो आणि जास्तीचं रेझिन कोरड्या जागी नेतो. बुडबुडे फुटताना बारीक चटचट आवाज येतो, तो थांबला की पुढची जागा. कोपऱ्यांसाठी लहान रोलर वापरा आणि तिथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

एका वेळी १ किलोच रेझिन कालवा, पंधरा ग्रॅम हार्डनर घालून. पहिला, ३०० चा थर गोठू द्या, तपासा, बुडबुडा दिसला तर कापून भरा. मग ४५० चे दोन्ही थर एकामागून एक मारले तरी चालतील. मॅटचे जोड एकावर एक येऊ देऊ नका, ५० मिमीने सरकवा.

तिसऱ्या थरानंतर मोजून घेतलेलं रेझिन उरलं असेल तर ते ओतून टाकायचा मोह होतो. उरू द्या. उरलेलं रेझिन म्हणजे वाचलेलं वजन.

आठवी पायरी: फासळ्या

तक्ता पूर्ण कडक झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, आडव्या फासळ्या बसवा. लवकर बसवल्या तर बाहेरून त्यांची रेघ उमटते. फासळीचा गाभा पीयू (पॉलियुरेथेन) फोमच्या पट्टीचा करा आणि त्यावर ४५० चे दोन थर २०० मिमी रुंदीत, दोन्ही बाजूंना तक्त्यावर पसरवून. दोन फासळ्यांत ४०० मिमी अंतर. गाभ्याला भार नसतो, तो फक्त वरच्या थराला उंची देतो, म्हणून गाभा जितका हलका तितका बरा.

थर्माकोल वापरू नका. रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवून टाकतं आणि फासळीच्या जागी पोकळी उरते. बर्फ टिकवण्यासाठी आत इन्सुलेशन हवं असेल तरीही हेच लक्षात ठेवा. ४० मिमी पफची, म्हणजे कडक पीयू फोमची, शीट छपराला चिकटवून आतून दोन मॅटचा थर मारला तर फासळ्यांची गरज राहत नाही. दोन थर एकमेकांपासून लांब गेले की तक्ता कितीतरी ताठ होतो, आणि पफचं स्वतःचं वजन चौरस मीटरला दीड-दोन किलोच असतं.

शेवटी आतल्या बाजूला मेण मिसळलेला जेल कोट मारा. पॉलिस्टर रेझिनचा हवेला लागलेला भाग चिकट राहतो. मेण वर येऊन हवा अडवतं आणि पृष्ठभाग पक्का पिकतो. आतून सफाचट, धुता येईल असं छप्पर हवं तर ही पायरी चुकवता येणार नाही.

नववी पायरी: काढा, कापा, तोला

लाकडी पाचर कडेने हलके ठोकत, साबणाचं पाणी सोडत तक्ता सोडवा. कापताना पाणी मारत कापा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि धुळीचा मास्क घाला. काचेची धूळ अंगाला लागली तर आधी थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने खाज वाढते. तुकडे आणि धूळ गोणीत भरा. खाडीत किंवा किनाऱ्यावर टाकू नका, ती शतकानुशतकं तिथेच राहतील.

मग तक्ता काट्यावर ठेवा आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा. पाच-सात टक्के जास्त म्हणजे हात चांगला बसतोय. वीस टक्के जास्त म्हणजे पुढच्या तक्त्याला रोलरवर मेहनत करायची. नाण्याने तक्ताभर टकटक करा. स्वच्छ आवाज येईल तिथे थर धरलेला आहे, बद्द आवाज येईल तिथे आत हवा आहे.

काच किती बसली हे नक्की बघायचं तर कडेचा, जेल कोट नसलेला ३० ग्रॅमचा तुकडा तोला आणि उघड्यावर, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभं राहून जाळा. रेझिन जळून जातं, काच उरते. उरलेली काच ९ ग्रॅम भरली तर ३० टक्के जमले. सहा भरली तर काय चुकलं ते तुम्हाला कळेल. एवढा एकच तुकडा जाळायचा, बाकीचे नाहीत.

मासळीच्या गाडीला तक्ता लगेच लावू नका. निदान आठवडाभर मोकळ्या हवेत उन्हात ठेवा, कोमट पाणी आणि साबणाने धुवा. नाक जवळ नेल्यावर वास येत असेल तर आणखी थांबा.

दहावी पायरी: बसवणं

उन्हात फायबर पोलादापेक्षा दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. ३० अंशांचा फरक पडला तर २ मीटर लांबीत चौकट आणि छप्पर यांच्यात साधारण १ मिमीचा ताण येतो. भोकं नेमक्या मापाची पाडून बोल्ट करकचून आवळले तर भोकाभोवती तडे जातात. म्हणून भोक बोल्टपेक्षा दीड-दोन मिमी मोठं पाडा, रुंद वॉशर लावा, आणि कडेपासून भोकाच्या व्यासाच्या तिप्पट अंतर सोडा. त्याहून चांगलं म्हणजे चौकटीवर पीयू सीलंटचा ३ ते ५ मिमी जाड पट्टा मारून तक्ता बसवा आणि बोल्ट मोजकेच द्या.

कापलेली प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक रेझिनने बंद करा. उघड्या धाग्यांच्या कडेने पाणी आत चढतं. बोल्ट स्टेनलेसचे, जमल्यास ३१६ प्रतीचे. फायबर गंजत नाही पण साधा बोल्ट गंजतो आणि पांढऱ्या छपरावर ओघळ सोडतो. खालची लोखंडी चौकट आधी खरवडून, प्रायमर मारून घ्या, कारण छप्पर बसल्यावर तिथे ब्रश पोहोचणार नाही.

पहिल्या घाटफेरीनंतर बोल्ट आणि सीलंट तपासा. पुढे दर पावसाळ्याआधी छप्पर धुऊन मेण लावा आणि जेल कोटला केसासारखा तडा दिसला तर तो लगेच बघा. तडा वरवरचा असेल तर कोरून जेल कोट भरला की पुरे. नाणं तिथे बद्द वाजलं तर आतला थर सुटलेला आहे. तो भाग घासून काढा, कडा तक्त्याच्या जाडीच्या निदान बारापट लांब उतरत्या करा, कोरडं करा आणि मोजलेल्या मॅटचे, मोजलेल्या रेझिनचे नवे थर मारा. वरून जाड ठिगळ मारू नका, ते वजन वाढवतं आणि कडेने सुटतं.